एक फाक कमी

सकाळपासून कवडूची मान खाजत होती.

तसं पाहिलं तर त्या दिवसांत गावात खाजत नव्हतं असा माणूस शोधूनही सापडला नसता. धान कापून झालं होतं. मळणीचं यंत्र एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर फिरत होतं आणि कुसळ उडून चहात, अंथरुणात, पोराबाळांच्या केसांत जाऊन बसत होतं. कवडू मुद्दाम मनिरामच्या खळ्यावर जाऊन उभा राहिला. आपलीही खाज लोकांसारखीच निघाली तर बरं, एवढीच त्याची आशा होती.

"मनिराम, तुले मानेवर खाजवते का गा?"

"कोठं नाही खाजवत ते इचार," मनिराम पोतं धरल्या धरल्या म्हणाला. "रात्री बायको म्हने, तुमी झोपून राहिले का भांडे घासून राहिले?"

खळ्यावरचे सगळे हसले. कवडूही हसला. पण हसता हसता त्याची बोटं पुन्हा उजव्या खांद्यापाशी गेली. परवा लाकडाची मोळी नेमकी तिथंच टेकली होती. कुसळाची खाज अंगभर हिंडते, एका जागी ठाण मांडून बसत नाही. ही बसली होती. आणि आता मनगटाच्या वर, जिथं सदऱ्याची बाही दुमडलेली असते तिथंही लाल चट्टा दिसायला लागला होता.

तो घराकडे निघाला. चालताना मनात एकच शब्द येत होता आणि तो शब्द तो पुढं ढकलत होता.

भिलावा.

या भागातल्या माणसाला भिलावा, म्हणजे बिब्बा, सांगावा लागत नाही. त्याच्या बीमधली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात घालतात, चवीने खातात. पण त्याच झाडाचा चीक अंगाला लागला की एखाद्याला काही होत नाही आणि एखाद्याच्या अंगावर तो उततो. कातडी सुजते, फोड येतात, पाणी वाहतं. लाकूड जाळलं तर धुरानेही उततो, आणि धूर आधी डोळ्यांवर जातो. म्हणून मोळी आणणारे लोक त्या झाडाला हात लावत नाहीत. कवडू विशीत असताना एकदा त्या झाडाखाली नुसता झोपला होता, तर आठवडाभर त्याच्या बायकोला नवरा ओळखू येत नव्हता.

आणि आता घराच्या मागच्या खोलीत त्याची मुलगी चंदा बाळंत होऊन आली होती. पहिलंच बाळ, मुलगी. दवाखान्यातून घरी आणल्यापासून त्या खोलीतल्या मातीच्या चुलीवर सकाळ-संध्याकाळ न्हाणाचं पाणी तापत होतं. निखारे घमेल्यात काढून खाटेखाली सरकवले जात होते. चुलीला लागणारं लाकूड पुरवायचं काम कवडूने हट्टाने मागून घेतलं होतं.

हट्ट करावाच लागला होता. पोळ्याच्या सुमारास लाकूड फोडताना कुऱ्हाड घसरली आणि त्याच्या पायाचं बोट थोडक्यात वाचलं. तेव्हापासून मुलगा प्रफुल कुऱ्हाडीवर डोळा ठेवून होता. कवडूच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता.

"बाबा, घरात गॅस आहे, पानी तापवाची मशीन आहे," प्रफुल म्हणाला होता. "कायले जंगलात जाता?"

"बाळंतिनीले मशीनचा शेक देते का कोनी?"

"मंग मी इकत आनतो लाकडं."

"इकतचं लाकूड कशाचं असते, कोनी पाह्यलं? मी आनीन ते निवडून आनीन. येन आनि धावडा, बाकी काही नाही."

"दिसते का तुमाले, येन कोनता नि धावडा कोनता?"

"हाताले दिसते."

शेवटी प्रफुलने कुऱ्हाड दिली, पण देताना म्हणाला, "अखीन एक चूक झाली का मी हे माळ्यावर टाकीन. मंग मांगाची नाही." कवडूने मान हलवली होती. कुऱ्हाड गेली की या घरात आपल्याला काय काम उरलं, हा प्रश्न त्याने कोणाला विचारला नव्हता. पण तो त्याच्यापाशी होता.

आता तो सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, रचलेल्या राशीपुढं उभा राहिला. काल दुपारी फोडलेलं सगळं लाकूड त्याने इथंच ठेवलं होतं. परवाच्या मोळीत एक आखूड ओंडका होता. साल गळून गेलेली, दोन पावसाळे खाऊन राखाडी पडलेला. जंगलाच्या कडेला संध्याकाळी उचलला तेव्हा त्याने तो धावडा समजूनच उचलला. पण काल त्यावर कुऱ्हाड पडली, तेव्हा हाताला काहीतरी वेगळं लागलं होतं. धावडा माणसाचा घाम काढतो, दातओठ खायला लावतो. हा ओंडका पिकल्या पपईसारखा उकलला. हातांनी सांगितलं होतं. पण तेव्हा त्याला स्वतःचाच अभिमान वाटला, की अजून जोर आहे म्हणायचा!

आणि मग त्याने त्या फाका बाकीच्या लाकडात मिसळून नीट रास लावली होती. नीट लावायची खोड त्याला जन्माची होती.

त्याने गुडघे टेकले आणि एकेक लाकूड उचलून हातात तोलायला सुरुवात केली. येन-धावडा जड, ते डावीकडे; भिलावा हलका, तो उजवीकडे. आता हात मागं घ्यायचं कारण नव्हतं. त्यांचं जे व्हायचं ते झालंच होतं.

"काय करून राहिले तुमी?" सुशीलाबाई, त्याची बायको, मागच्या दारातून डोकावली. तिच्या हातात लाडवांचा डबा होता.

"ओलं लाकूड निवडून राहिलो. धूर होते ना खोलीत."

"काल तं म्हनत होते, हाडासारखं कोरडं आहे."

"काल म्हनलो असंन. तू जाय व, पोरीपाशी बस."

ती गेली नाही. त्याच्याकडे पाहत राहिली. "मान लाल दिसून राहिली तुमची."

"मनिरामच्या खळ्यावर गेलतो. कुसळ."

खोटं सांगून तो पुन्हा लाकडं तोलायला लागला. ती आत गेली. दार उघडंच होतं. आतून बाळाचं कुरकुरणं आणि चंदाचं हळू बोलणं ऐकू येत होतं. त्याने ते बाळ दवाखान्यात एकदाच पाहिलं होतं, दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे घट्ट मिटलेलं. सोयर फिटेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत घरातले पुरुष जात नसत, म्हणून घरी आल्यापासून तो बाहेरूनच आवाज ऐकत होता.

हलकी लाकडं बाजूला निघाली. पण सगळी निघाली का? वाळून पोकळ झालेली येनाची एखादी फांदीही हलकी लागते. नुसत्या वजनावर भरवसा नव्हता, डोळ्यांवर तर नव्हताच. मग त्याला सुचलं, की ओंडका पुन्हा जोडून पाहावा. एका ओंडक्याच्या फाका दुसऱ्या कुठल्याही लाकडाला चपखल बसत नाहीत. जिथं उंचवटा तिथं खाच, जिथं गाठ तिथं गाठीचा साचा. संत्र्याच्या फोडी परत सालीत बसवाव्यात तसं ते काम होतं. तो जमिनीवर बसून बोटांनी रेघा चाचपत एकेक फाक लावत गेला. चुकली की काढायची, फिरवायची, पुन्हा लावायची. घाम डोळ्यांत गेला. डोळा चोळायला हात वर गेला आणि त्याने तो अर्ध्यावरून खाली आणला.

ऊन भिंतीवरून चढत कौलांपर्यंत गेलं. प्रफुल मोटरसायकलवर तालुक्याच्या गोरेगावहून आला, हातपाय धुतले, आणि बापाला बसलेलं पाहून जवळ आला.

"बाबा, हे काय? लाकडं फोडता का जोडता?"

"असंच."

"लोकं फोडून जारते, तुमी जोडून ठेवता. भारी काम आहे." प्रफुल हसत आत गेला.

कवडूच्या दोन हातांत आता ओंडका होता. जवळपास पूर्ण. गोल, वर गाठ, खाली किडीने खाल्लेलं भोक. आणि एका बाजूला वरपासून खालपर्यंत रिकामी खाच. त्याने बोट त्या खाचेत घालून फिरवलं. पुन्हा सगळी रास पालथी घातली. उजवीकडची, डावीकडची, अगदी फोडायच्या ठोकळ्याखालचीही. त्या खाचेत बसेल असं काही नव्हतं.

एक फाक कमी होती.

तो तसाच बसला. कुठं गेली? बायकोने दुपारी कवेत भरून लाकडं आत नेली होती का? नेली असतील. सकाळची चूल जुन्या राशीवर पेटली होती, पण ती रास तर संपली. म्हणजे संध्याकाळची चूल या राशीवर. आता उठून सांगायचं तर कुऱ्हाड गेली. कुऱ्हाडीचं जाऊ द्या. उद्या गावात म्हणतील, कवडूने आपल्या नातीसाठी निवडून भिलावा आणला. आणि न सांगावं तर? कदाचित ओंडका आधीच एका अंगाने फुटका असेल आणि ती फाक जंगलातच राहिली असेल. कदाचित कुत्र्याने ओढून नेली असेल. ते एवढं बाळ, त्याच्या पापण्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या...

एवढ्यात मागच्या खोलीच्या कौलांमधून धूर निघायला लागला.

कवडू उठला तो ओंडका सांडून. गुडघे कधी सरळ झाले त्याला कळलं नाही. दारातला साडीचा आडोसा बाजूला सारून तो आत शिरला. चंदा खाटेवर बाळाला पाजत होती, ती दचकून पाठमोरी झाली. सुशीलाबाई चुलीपुढं बसून फुंकत होती.

"अवो, तुमी इथं कायले..."

 त्याने चुलीत हात घालून पेटती लाकडं ओढून काढली. एक, मग दुसरं, मग अर्धवट जळालेलं तिसरं. त्याने ती मातीवर फेकली आणि चुलीवरचं न्हाणाचं पाणी भांड्यासकट त्यांच्यावर उपडं केलं. फुस्स करून वाफ आणि राख खोलीभर झाली. बाळाने किंकाळी फोडली.

"याड लागलं का तुमाले?" सुशीलाबाई ओरडली. "पोरीच्या अंगावर उडलं असतं तं?"

"बाबा!" चंदा म्हणाली.

"बाहेर ने त्याईले. पहिले बाहेर ने!"

आवाज ऐकून प्रफुल धावत दारात आला. कवडूने त्याच्याकडे पाहिलं आणि वळून बायकोलाच सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"मोळीत भिलावा आला. मीच आनला. काल फोडला. सगळा सापडला, एक फाक कमी आहे."

 मग सगळेच एकदम हलले. सुशीलाबाईने बाळ पदराखाली घेऊन पुढच्या खोलीत नेलं, चंदा भिंतीला धरून तिच्या मागं गेली. खोबरेल तेलाची बाटली शोधायची धावपळ झाली. कवडू ओल्या राखेत बसून विझलेली लाकडं चाचपत होता. येन. येन. धावडा. त्यातलं कोणतंच हलकं नव्हतं. पण राख झालेलं लाकूड काय होतं, ते कसं ओळखायचं?

"प्रफुल, ते खाट इकडे आन," पुढून सुशीलाबाईचा आवाज आला. "पोरीले बसाले पाह्यजे."

प्रफुलने खाट उचलली. एक पाय उचलला गेला आणि त्याच्याखालून काहीतरी गडगडत बाहेर आलं. राखाडी, लांबट, एका अंगाला पाचरीसारखं निमुळतं.

कवडूने ते घेतलं. खाचेचा आकार त्याच्या बोटांना पाठ होता. ताडून पाहायची गरज नव्हती.

सुशीलाबाई दारात येऊन उभी राहिली होती. "खाट डुगडुगून राहिली होती दुपारपासून," ती म्हणाली. "ते मंग पायाखाली देल्लं. हलकं होतं, म्हनलं हे काय पेटन, भसकन जाऊन निरा धूर करन."

कवडूला हसू आलं की रडू, त्यालाच कळलं नाही. प्रफुलने हात पुढं केला.

"हात नोको लावू," कवडू म्हणाला. "पिशवी आन. जारू नोको, शेताच्या बांधाखाली खोल गाड. ओंडकाही गाड."

प्रफुल पिशवी घेऊन आला. जाताना त्याने कुऱ्हाडीकडे एकदा पाहिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. तो शब्द काढेल म्हणून कवडू जेवण होईपर्यंत वाट पाहत होता. तो काढत नव्हता, हेच कवडूला जास्त लागत होतं.

सकाळी कवडूचा उजवा डोळा पूर्ण मिटला होता. गाल तापला होता, हात कोपरापर्यंत फुगले होते. सुशीलाबाईने बाळ उंबऱ्यापर्यंत आणलं आणि म्हणाली, "पाहा एकदाचं. मंग तरी चूप बसान." त्याने उरलेला डोळा, तो मोतीबिंदूचा, जवळ नेला. धुक्यातून पाहिल्यासारखं दिसलं. दोन्ही पापण्या साफ होत्या. एवढ्यात बाळाने जांभई दिली.

"साफ आहे ना?" त्याने विचारलं.

"साफ आहे."

"नीट पाह्य."

"किती डाव पाहू? तुमच्यासारखी नाही दिसत, देवाची किरपा."

मग तो उठला, कुऱ्हाड घेतली आणि प्रफुलपुढं धरली. "घे. माळ्यावर टाक."

प्रफुलने ती घेतली, पण माळ्याकडे गेला नाही. सांदवाडीत गेला. थोड्या वेळाने ठोकळ्यावर पहिला घाव पडला. फसला. दुसरा पडला, तोही फसला. कवडू भिंतीला टेकून बसला होता, सुजलेले हात मांडीवर ठेवून. लाकूड येनाचं होतं, आवाजावरून कळत होतं, आणि पोरगा गाठीवरच मारत होता.

"गाठ सोडून मार ना बे!"

"तुमी बसून राहा!" आतून सुशीलाबाई.

तो बसला. चार घाव पडेपर्यंत कसाबसा बसला. मग त्याच्या मनात आलं, की काल ओंडका फोडताना बारीक ढलप्या उडाल्या होत्या, आणि ढलप्या तर ही रोज झाडून पेटवणाला ठेवते.

"सुशीला, ढलप्या कोठं ठेवल्या व?"

"कोनत्या ढलप्या?"

कवडू भिंत धरून उठला आणि हाताने वाट चाचपत चुलीकडे निघाला.