र खाणारी काठी

मितेशने बायकोसाठी नवा लॅपटॉप आणला आणि दुकानदाराला त्याला बोटही लावू दिलं नाही. सगळं घरी बसून स्वतः केलं. रंजिताने झाकण उघडलं तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, "हेतलची आई". तिला एकदम भरून आलं. हेतल तेव्हा मांडीवर बसून चार्जरची वायर चोखत होती. मितेश म्हणाला, "मेलमध्ये पण हेच नाव टाकलंय. उगाच वेगवेगळं कशाला?"

कौतुकाने केलेल्या गोष्टीत खोट काढू नये, म्हणून तिने ते नाव तसंच राहू दिलं. तशीही गेल्या आठ महिन्यांत सोसायटीचा वॉचमन, भाजीवाली, बालरोगतज्ज्ञ यांपैकी कुणी तिला दुसऱ्या नावाने हाक मारलीच नव्हती.

तिची नोकरी गव्हाण गावाच्या बाजूला, कंटेनरच्या यार्डात. रोज येणाऱ्या ड्रायव्हरांची नावं इंग्रजी अक्षरांत एका साध्या फायलीत यायची आणि पर्ल नावाच्या जुन्या संगणकभाषेतली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, त्यातून गेटसाठी नीट लावलेली यादी काढायची. अकरा वर्षांपूर्वी हरेश सरांनी ती लिहिली होती. सर निवृत्त होऊन आपटा गावी नदीकाठी राहायला गेले, स्क्रिप्ट मागे राहिली. तिच्यात जागोजागी त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी सूचना लिहून ठेवल्या होत्या. पहिलीच होती, "इथे हात लावू नये."

बाळंतपणाची रजा संपत आली होती, आणि सकाळी यार्डातल्या साहेबांचा, सत्यजीत सरांचा फोन आला. "मॅडम, आज तीनच्या आत घरून यादी काढून दाखवा. जमलं तर पुढे घरूनच करा. नाही जमलं तर सोमवारपासून नऊला इथे. मला दोन्ही चालतं."

रंजिताला एकच चालत होतं. हेतल अजून अंगावर पीत होती आणि बाटली पुढे केली की मान अशी फिरवायची, जणू कुणी तिचा अपमान केलाय.

साडेबाराला हेतल झोळीत झोपली. सासूबाई, म्हणजे सखूबाई, पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी अडकवून दुधी किसायला बसल्या. रंजिताने स्क्रिप्टवर दोनदा क्लिक केलं. एक काळी खिडकी उघडली आणि काय म्हणतेय ते कळायच्या आत मिटली. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. मग तिने आधी काळी खिडकी उघडली आणि तिच्यात हाताने perl असं टाइप केलं. उत्तर आलं ते असं, की perl ही आतली किंवा बाहेरची, कुठलीच आज्ञा आमच्या ओळखीची नाही.

लग्नानंतरचा पहिला महिना रंजिताला आठवला.

मितेशने पर्ल पेन ड्राइव्हवरून नुसतं उतरवून ठेवलं होतं, ते कुठे राहतं याचा पत्ता विंडोजला कुणी दिलाच नव्हता. तिने सेटिंगमध्ये जाऊन पत्ता घातला. तरी ओळख नाहीच. पंधरा मिनिटं गेल्यावर लक्षात आलं, की खिडकी आधीपासून उघडी आहे, तिला नवी बातमी कळणार कशी? खिडकी बंद करून उघडली, तेव्हा कुठे ओळख पटली.

"काय झाला गो?" सखूबाईंनी विचारलं.

"पर्ल चालतच नव्हतं, आई."

"पर्ल म्हंजे मोतीच ना?"

"हो, पण हा वेगळा."

"मोती वेगला कसा असंल? खरा असतो नाय तर खोटा असतो. माज्या नथीतला आन देऊ का?"

रंजिताला हसू आलं, पण घड्याळात दीड वाजला होता. तिने स्क्रिप्टचा पूर्ण ठावठिकाणा अवतरणचिन्हांत लिहिला आणि बटण दाबलं. अशी फाइल नाही, असं पर्लने कळवलं, आणि आपण कुठे शोधलं तेही दाखवलं:

C:\Users\?????? ??\Desktop\yadi.pl

तिने बोटांवर मोजलं. सहा प्रश्नचिन्हं, मधे जागा, दोन प्रश्नचिन्हं. ह, मात्रा, त, ल, च, वेलांटी: हेतलची. आणि आ, ई. तिच्या या पर्लला मराठी वाचताच येत नव्हतं. आई म्हणजे त्याच्या लेखी दोन प्रश्नचिन्हं. आठ महिन्यांच्या अनुभवावरून रंजिताला ते फारसं चूकही वाटलं नाही.

तिने मितेशला फोन लावला.

"अरे, त्या नावामुळे अडलंय सगळं."

"कुठल्या नावामुळे?"

"हेतलची आई."

पलीकडून जरा दुखावलेला आवाज आला, "तुला आवडलं होतं ना?"

"मला आवडलंय रे. पर्लला आवडत नाहीये."

"मग बदल. सेटिंगमध्ये जा, रंजिता टाक. दोन मिनिटांचं काम."

तिने बदललं. पडद्यावर रंजिता आलं. आत फोल्डरवर मात्र हेतलची आई तसंच.

"वर रंजिता दिसतंय ना? झालं तर मग!" असं म्हणून मितेशने फोन ठेवला. लग्नानंतर तिची कागदपत्रं बदलून आणली तेव्हाही तो अगदी असंच म्हणाला होता.

दोन वाजले. झोळीत हालचाल झाली. सखूबाईंनी अंगठा जोरात हलवला आणि झोळी शांत झाली.

नाव बदलत नाही ना, मग घरच बदलू, असं तिने ठरवलं. थेट सी ड्राइव्हवर एक नवं फोल्डर काढलं आणि त्याला साध्या इंग्रजी अक्षरांत आपलं नाव दिलं, ranjita. स्क्रिप्ट आणि नावांची फाइल उचलून तिथे ठेवली. स्क्रिप्टमध्ये नावांच्या फायलीचा जुना पत्ता होता. त्यातल्या तिरक्या काठ्या हरेश सरांनी उलट्या बाजूला टाकल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाची नजरचूक, असं मनात म्हणत तिने विंडोज दाखवतं तसा पत्ता नीट लिहिला: "C:\ranjita\nave.txt". बटण दाबलं. या वेळी स्क्रिप्ट खरंच चालली. आणि म्हणाली:

anjita
ave.txt nahi

"अंजिता?" ती मोठ्याने म्हणाली.

"कोन अंजिता?" सखूबाईंनी दुधी खाली ठेवला.

"मीच. माझा र गेला, आई."

"मेल्या मोत्यानं र खाल्लान? तुजा नाव दिलास तर तो पन पुरता ठेवला नाय?" सखूबाई आता खऱ्या चिडल्या. "मना तरी पुरता नाव लिवता येतं."

आणि झोळीतून पहिली किरकिर आली. दोन वाजून अडतीस मिनिटं.

सखूबाईंनी नातीला उचलून खिडकीशी नेलं आणि समोरच्या इमारतीवरची कबुतरं एकेक करून दाखवायला लागल्या. रंजिता स्क्रिप्ट वरून खाली वाचत सुटली. हात लावू नये, या ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती. इतक्या वर्षांत ती तिने वाचलीच नव्हती. "काठी आहे त्याच बाजूला झुकू द्यावी. उलटी पडली तर पुढचं अक्षर खाते. मी चुकलो असं समजून सुधारू नये."

तिने कान पकडले. खरंच पकडले, दोन्ही. उलट्या काठीनंतर र आला की पर्ल त्याचा अर्थ ओळीच्या सुरुवातीला परत जा असा घेतं, न आला की नव्या ओळीवर जा. म्हणजे तिच्या नावाने त्याला अक्षरशः माघारी धाडलं होतं. तिने दोन्ही काठ्या पुन्हा सरांच्या बाजूला झुकवल्या.

C:/ranjita/nave.txt

यादी आली. पहिलंच नाव दयाराम, त्याखाली आणखी एकसष्ट माणसं, सगळी आपापल्या पूर्ण अक्षरांसह. दोन त्रेपन्नला तिने ती मेलने पाठवली आणि हात पुढे केले. सखूबाईंनी हेतलला तिच्या मांडीवर दिलं. पोर चटकन प्यायला लागली, एक मूठ आईच्या कुर्त्यात, दुसरी कीबोर्डच्या दिशेने.

"सापडला मोती?" सखूबाईंनी विचारलं.

"सापडला."

"खरा हाय ना?"

तेवढ्यात मेल वाजला. सत्यजीत सरांचा.

"हेतलची आई, नमस्कार. यादी मिळाली, बरोबर आहे. सोमवारपासून घरून करायला हरकत नाही. कृपया रंजिता मॅडमना तसं कळवावं."

रंजिताने ते दोनदा वाचलं. मग हेतलची मूठ अलगद बाजूला केली आणि एका हाताने उत्तर लिहिलं.

"कळवते, सर. भेटल्या की लगेच."