झऱ्यावरचं शेवटचं न्हाणं

दोवलेतला जाऊन वर्ष झालं, तेव्हा त्याच्या आईने, ओगुलबीबीने, विधवा सून मायसाला काराकुमच्या वाळवंटातल्या गरम झऱ्यावर नेलं. तिथे स्वतःच्या हाताने तिचे केस धुतले.

"अर्धं वाळवंट भरलंय गं डोक्यात. अशीच जाणार होतीस नव्या घरी?"

मायसा दचकली. "कुठलं नवं घर, आई?"

"तुझ्या भावाला निरोप धाडलाय. उद्या इथेच येईल तो न्यायला. स्थळ चांगलं आहे."

"माझं काही चुकलं का?"

"नाही गं. चोवीस वर्षांची तू. माझ्यासोबत कशाला म्हातारी होतेस?"

मायसा तिच्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी ती भावाबरोबर गेली. ओगुलबीबीचं पाऊल मात्र घराकडे वळेना. ती आणखी तीन दिवस झऱ्यावरच राहिली.