दवाखान्यात गेलेलं दोन किलोचं वजन

मी कंधारच्या निजामोद्दीनभाईंच्या किराणा दुकानातली तागडी. मला बोलायची सवय नाही, झुकायची आहे.

माझी दोन्ही पारडी सारखी आहेत का, हे बघायला दर दोन वर्षांनी इन्स्पेक्टर येई. त्याचा छाप पडेपर्यंत भाईंच्या घशाखाली चहा उतरत नसे. मी चुकले, तर जाब त्यांना.

लातूरकडच्या भूकंपाला चारेक वर्षं झाली असतील. साखराबाई सहा महिन्यांची नात काखेला मारून गुळाला आली.

"भाई, शिवांगी सहा किलो भरली म्हने दवाखान्यात. पर मांडीला वजनच लागंना हो."

"आना इकडं. खोबरं तोलतो, पोरगी न्हाई का तोलायची?"

भाईंच्या घरच्या खातूनबींनी पारड्यात दुपटं अंथरलं. पोरीनं माझी साखळी मुठीत धरली. भरली पावणेपाच.

"तुमची तागडी कमीच दाखवती," साखराबाई म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला.

"मग दवाखान्याचीबी बघू."

छाप असलेलं दोन किलोचं वजन पिशवीत टाकून सगळे निघाले. पुढचं मला खातूनबींच्या तोंडून कळलं.

नर्स शरणम्मा हसल्या. "सरकारी काटा हाय, भाई. दुकान न्हाई."

"म्हनूनच इचारतो. माझ्यावर इन्स्पेक्टर हाय. ह्याच्यावर कोन हाय?"

वजन टांगलं. काटा अडीचवर थांबला. भूकंपाच्या छावणीत धान्याची गाठोडी तोलून त्याची स्प्रिंग ढिली झालेली. तिथून तो इथं आला, आणि त्याला कुणी काही विचारलंच नाही.

शरणम्मांना गप्प बसता आलं असतं. त्यांनी शिवांगीला त्याच दुपारी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. मग रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं: मागची सगळी वजनं चुकीची, लेकरं पुन्हा बोलवावीत. खाली स्वतःची सही.

"आता वरनं मलाच इचारतील."

"इचारू द्या. मला दर दोन सालाला इचारत्यात. मेलो न्हाई मी."

तेव्हापासून लसीच्या दिवशी बाया आधी ते वजन टांगायला लावत, मग लेकरू.

आता दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे, मी माळ्यावर. त्यानंतर सतरा वर्षांनी शिवांगी डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला निघाली. निघताना मला बघायला वर चढली.

"चाचा, खोक्यात दोन किलोचं न्हाई."

"दवाखान्यात ड्युटीवर हाय. डॉक्टर झालीस की रोज आधी ते टांगत जा."

वाचणाऱ्यांनो, माझ्यासाठी नवं वजन आणू नका. ती जागा रिकामीच बरी.