वाढीला नखभर जागा

त्या सोमवारी दवाखान्यातून परत येताना ताईची पिशवी जड होती. जाताना पिशवी जड असलेली चालते. येताना ती रिकामी हवी.

ताईचा कारखाना म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. कुणाचा पाय वाकडा, कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा घोटा लेचापेचा, अशा मुलांचे बूट तिथं बनत. प्रत्येक जोड वेगळा, कारण प्रत्येक पाय वेगळा. हे काम ताईच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, एकट्याच्या बळावर सुरू केलं. आता त्यांचा हात थरथरायचा, म्हणून ते खिडकीशी खुर्ची टाकून बसत, आणि काम चौघांच्या हातांतून पुढं सरकत जाई. ताई दवाखान्यात जाऊन मुलाच्या पायाचं माप आणि प्लास्टरचा साचा घ्यायची. त्यावरून काका लाकडाचा फर्मा तासायचे. फर्मा म्हणजे हुबेहूब त्या पायासारखा ठोकळा. मावशी त्या फर्म्यावर बसेल असं चामडं कापून शिवायची. शेवटी अस्तर लावून तळ ठोकायचं काम हातोडीचं. सगळे त्याला हातोडीच म्हणत; त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे.

"किती आले परत?" काकांनी पटाशी खाली न ठेवताच विचारलं.

"निम्मे," ताई म्हणाली. "काही सैल, टाच वर उचलली जाते. आणि काही आखूड, कारण आपण पोचेपर्यंत पाय वाढला."

"म्हणजे सैलही आपणच आणि आखूडही आपणच," मावशी म्हणाली. "कमालच आहे बाई आपली."

ताईला हसू आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं होतं, आणि तो शांतपणाच तिला खुपत होता. "आजच एका मुलीचं माप घ्या. तिचा बूट वेळेवर आला आणि नीट बसला, तर पुढं बघू. नाहीतर मला सगळी मुलं मोठ्या कंपनीकडं पाठवावी लागतील. त्यांचे बूट ठरावीक मापांचे असतात, मला ते फारसे पटत नाहीत. पण ते येतात तरी." सगळी मुलं गेली, की ही खोली बंद. काकांना या वयात दुसरीकडं कोण उभं करणार होतं?

मुलगी सहा वर्षांची होती. चालताना तिचा उजवा पाय आत वळायचा आणि ती दर थोड्या वेळानं पडायची. तरी तिची आई तिला भिंगरी म्हणायची, आणि भिंगरीही त्या नावाला ओ द्यायची.

आता ताई काही स्वस्थ बसणारी नव्हती. महिन्याभरापूर्वी ती एका शिबिराला जाऊन आली होती. 'तुमच्या व्यवसायाचं स्वप्न मांडा,' असं तिथं सांगितलं होतं. तिनं ते मन लावून मांडलं आणि मोठा कागद भिंतीवर चिकटवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कुठल्याही मुलाला बुटासाठी थांबावं लागणार नाही.' खाली नवी मशीन, मोठी जागा, दुसऱ्या गावांतले दवाखाने, सगळ्यांना जोडणारे बाण. आज तिनं सगळ्यांना त्या कागदासमोर उभं केलं आणि मुलीची गोष्ट सांगितली. मग हातोडीनं डोकं खाजवलं.

"चित्र झकास आहे, ताई. खोटं नाही सांगत. पण यातलं उद्या सकाळी आल्या आल्या मी काय करू?"

ताईनं कागदाकडं पाहिलं. बाण होते, पण एकही बाण हातोडीच्या टेबलापर्यंत येत नव्हता. त्या प्रश्नानं तिची झोप उडवली. कूस बदलून बदलून सकाळ झाली, तेव्हा तिला एवढंच सुचलं होतं की सगळ्या बुटांचं सोडावं आणि एका बुटाच्या मागं मागं चालावं.

"आज मी कुठलंच काम करणार नाही," ती आल्या आल्या म्हणाली. "भिंगरीचा बूट जिथं जाईल तिथं मी जाणार."

"आणि तो बसून राहिला तर?" मावशीनं विचारलं.

"तर मीही बसणार."

आणि खरंच तिला बसावं लागलं. काकांनी फर्मा तासून आपल्या शेजारच्या टोपलीत टाकला आणि दुसरा हातात घेतला. टोपली भरली की ती मावशीकडं न्यायची, ही तिथली रीत. ताई टोपलीशेजारी स्टूल ओढून बसली. दुपार झाली. फर्मा तसाच पडून होता, आणि तिकडं कुठंतरी भिंगरीचा पाय वाढत होता. ताईला तो वाढताना ऐकू येतोय की काय, असं वाटायला लागलं.

"काका, हा मावशीकडं कधी जाणार?"

"टोपली भरल्यावर."

"आणि टोपली कधी भरणार?"

काकांनी टोपलीत डोकावून पाहिलं, जणू ती आज पहिल्यांदाच दिसली. "एका फर्म्यासाठी उठत बसलो तर माझे गुडघे बोलतील, पोरी."

"मी नेते. उद्यापासून टोपली बंद. फर्मा झाला की हातातून हातात."

ते काही लगेच जमलं नाही. हातातलं काम अर्धवट सोडावं लागलं म्हणून मावशी दिवसभर फुरंगटून होती, आणि हातोडीसमोर एकदम कामच नसल्यानं तो खिळे मोजत बसला. मग संध्याकाळी चहा पिताना हातोडीनंच सुचवलं, की टेबलं जवळ ओढावीत, म्हणजे कुणाला उठायलाच नको. दुसऱ्या दिवशी टेबलं ओढली. काकांच्या लाकडाचा भुसा मावशीच्या चामड्यावर उडायला लागला, तेव्हा मध्ये एक पडदा बांधला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती कशी वागते ते पाहायचं, आणि मग पुढची. ताईनं भिंतीवरच्या कागदाकडं बघणं सोडून दिलं होतं. संध्याकाळ झाली की ती एवढंच विचारायची, "उद्या सकाळी काय?"

बूट आता भराभर पुढं सरकत होता, पण ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. वेळेत पोचून सैल झाला तर काय उपयोग? मावशीच्या टेबलापाशी ती अगदी वाकून बसली, आणि तिथं तिला ते दिसलं. मावशीनं फर्म्याच्या मापानं चामड्यावर खडूची रेघ ओढली. मग कात्री चालवली ती रेघेवरून नाही, रेघेच्या जराशी बाहेरून.

"मावशी, रेघ इथं आहे."

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले अजून."

"मग बाहेरून का कापतेस?"

"अगं, वाढीला नखभर जागा ठेवायची. आप्पांनी मला पहिल्या दिवशी शिकवलंय."

पडद्याआडून काकांचा रंधा थांबला. "नखभर जागा मी ठेवतो ना, फर्म्याच्या चवड्याला. मलाही आप्पांनीच सांगितलंय."

"घ्या," हातोडी म्हणाला. "म्हणूनच मी अस्तर पातळ लावतो. मला वाटायचं, वाढीचा विचार या घरात मी एकटाच करतो."

ताईचे कान तापले. प्लास्टर लावण्याआधी ती मुलाच्या बोटांपुढं कापसाची चपटी घडी ठेवायची. वाढीला नखभर जागा. तेही आप्पांनीच शिकवलेलं.

सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं. आप्पा खुर्चीत ताठ झाले होते.

"मी एकटा करायचो तेव्हा ती जागा एकदाच ठेवायचो," ते सावकाश म्हणाले. "मग तुम्ही एकेक जण आलात. ज्याला त्याला शिकवताना मी हे सांगत गेलो. तुम्ही चौघं मिळून एकच बूट करता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

कुणी कुणाला बोल लावला नाही. बूट उशिरा जातो म्हणून जागा सोडायची, जागा जास्त झाली म्हणून बूट परत यायचा, आणि परत आलेल्या बुटांमुळं पुढच्यांना आणखी उशीर व्हायचा. हे चाक त्यांनी चौघांनी मिळून, अगदी मायेनं फिरवत ठेवलं होतं.

"आता फक्त माझ्या कापसाची जागा राहील," ताई म्हणाली. "बाकी कुणी सोडायची नाही. काका, चवडा तासून घ्या."

काकांनी मावशीकडून फर्मा घेऊन छातीशी धरला. "पोरी, सैल बूट दुरुस्त होतो. आखूड झाला तर फेकूनच द्यावा लागतो. आणि या वेळी दुसरा करायला सवड नाही."

"माहीत आहे."

"आणि आखूड झाला तर?"

"तासा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. काकांनी एकदा आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी मान हलवली, तेव्हा रंधा फिरला.

पुढच्या सोमवारी भिंगरीनं बूट घातले. डॉक्टरीणबाईंनी टाचेमागं बोट घालून पाहिलं. बोट जेमतेम गेलं. भिंगरी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात शेवटच्या दारापर्यंत चालत गेली आणि न पडता परत आली. तिच्या आईनं श्वास सोडला. ताईनं नाही सोडला, कारण खरी परीक्षा बूट काढल्यावर असते. डॉक्टरीणबाईंनी बूट आणि मोजे उतरवले. दोन्ही पायांवर लाल डाग होते.

"थांबू या," त्या म्हणाल्या. "डाग विरले तर चामडं नुसतं टेकतंय. राहिले तर बोचतंय."

भिंगरी पाय हलवत बसली. ताई त्या पायांकडं बघत होती, आणि नुसतं बघितल्यानं डाग लवकर जाणार नाहीत हे कळत असूनही तिला नजर काढवेना. डावा पाय हळूहळू कोरा झाला. उजव्या घोट्याच्या हाडावरचा डाग मात्र तसाच राहिला.

"बोटं मोकळी आहेत, टाच धरलेली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हे घोट्याला लागेल. दुरुस्तीला किती दिवस?"

हाच प्रश्न ऐकून आजवर ताई पुटपुटत आली होती. टोपली, मग दुसरी टोपली, मग तिसरी. आता टोपलीच नव्हती.

"आज दुपारी," ती म्हणाली. "या मायलेकींना माझ्याबरोबर पाठवा."

काकांनी फर्म्याच्या घोट्यावर चामड्याची नखाएवढी चकती चिकटवली. हातोडीनं बुटाची तेवढीच जागा ओल्या फडक्यानं मऊ करून बूट फर्म्यावर ओढून बसवला. आता तो वाळून ताणला जाईपर्यंत थांबायचं. भिंगरी कोपऱ्यातल्या रिकाम्या टोपलीत जाऊन बसली आणि तिनं सांगून टाकलं की ही होडी आहे, आणि आप्पांनी वल्हवावं. आप्पा थरथरत्या हातानं वल्हवत राहिले. ताई दर थोड्या वेळानं बुटाला हात लावून पाही, तेव्हा हातोडी म्हणाला, "ताई, हात लावल्यानं तो लाजेल, वाळणार नाही."

दवाखाना बंद व्हायच्या आत ते पोचले. भिंगरी पुन्हा चालली, बूट पुन्हा उतरला. घोट्यावरचा डाग फिकट होत होत गेला. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यानं ती जागा दाबून पाहिली.

"पुढच्या सोमवारी या. दोन मुलांचं माप घ्यायचंय."

"आणि बाकीची मुलं?"

"आधी ही दोन."

ताई परतली तेव्हा सगळे दिवा लावून थांबले होते. तिनं काही बोलण्याआधी मावशीनं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून चाचपली. रिकामी होती. मावशी मटकन स्टुलावर बसली आणि पदरानं चष्मा पुसायला लागली.

"दोन मुलं," ताई म्हणाली. "तेवढीच. ती चुकली तर पुन्हा तिथंच."

"बरं," हातोडी म्हणाला. "उद्या सकाळी काय?"

"घोट्याचं हाड मला प्लास्टरमध्ये नीट दिसलं नाही, आणि काकांनी तर तो पाय पाहिलाच नव्हता. पुढच्या मापाला काका माझ्याबरोबर येतील. उद्या सकाळी कापसाच्या घडीसाठी एक ठरावीक पट्टी कापू, म्हणजे माझं नख रोज वेगळं भरायला नको."

"दवाखान्याच्या वासानं मला गरगरतं," काका कुरकुरले.

"स्टूल देऊ तुम्हाला तिथं."

"पाठ असलेलं दे," असं म्हणत काकांनी दारामागं टांगलेला आपला बरा सदरा झटकून पाहिला.