डॉक्टरिणीची वायर

"ताई, तुमच्या खोलीत वायफाय नीट हवं असेल तर मधल्या भिंती पाडाव्या लागतील," वायरमन म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

"भिंतीला हात लावायचा नाही!" अण्णा पलंगावरून गरजले. अर्धं अंग लुळं पडलं होतं, आवाज मात्र खणखणीत होता.

"साधं भोक पाडून वायर..."

"भोकसुद्धा नाही."

इंटरनेटचा डबा अण्णांच्या खोलीत होता आणि लेकीची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. वायर दारातून जमिनीवरून नेली तर वॉकर घेऊन चालताना अण्णा तोंडावर आपटणार. वायरमनने डोकं खाजवलं. "मग कॉम्प्युटरच इथे आणा. थेट वायर जोडतो, मक्खन चालेल."

"आण की," अण्णा खूश झाले. "मलाही सोबत होईल."

तिला नेमकं तेच नको होतं. ग्रंथालयातली नोकरी आणि अण्णांचं सगळं करून उरलेला तासभर ती दार लावून कॉम्प्युटरवर ऑनलाइन लढाईचा खेळ खेळायची. शेचाळीस वर्षांच्या बाईचं हे खूळ शेजारणींना कळलं असतं तर त्यांची करमणूक झाली असती. चौघांच्या टोळीत तिचं काम पडलेल्यांना उठवायचं, म्हणून सगळे तिला डॉक्टरीण म्हणत. घरी करायचं तेच तिथे! फरक एवढाच, की तिथे उठवलेला माणूस 'थँक यू' म्हणून पळत सुटायचा. अण्णांबद्दल तिने टोळीत अवाक्षर काढलं नव्हतं. तिथे तरी कुणी 'अरेरे' म्हणायला नको होतं.

पण वायफायवर ती ऐन मोक्याला पडद्यावर गोठायची. कप्तानाने स्पष्टच सांगितलं होतं, "राग मानू नकोस, पण वायर लाव. नाहीतर रविवारच्या फायनलला दुसरं कुणीतरी बघतो."

दार हवं की टोळी? तिने टेबल उचलून अण्णांच्या खोलीत आणलं.

रविवारी दुपारी खेळ खरंच लोण्यासारखा चालला. तिने एकाला उठवलं, मग 'आणखी एक गेला!' म्हणत दुसऱ्याला.

"कोण गेलं गं?" अण्णांनी विचारलं.

"कुणी नाही. उठवलं त्याला."

"हळू बोल, डोकं दुखतं."

ती कुजबुजत खेळू लागली. दोघं पुन्हा पडले आणि शेवटी कप्तानही कोसळला. "डॉक्टरीण, धाव! आता सगळं तुझ्यावर आहे!" ती धावली. कप्तान हाकेच्या अंतरावर होता.

"अगं... मला जायचंय."

"एक मिनिट, अण्णा. एकच."

"थांबवत नाही गं." या आवाजात गरजणं नव्हतं, लाज होती.

तिने हेडफोन काढून ठेवला. अण्णांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, नेलं, धुतलं, आणून निजवलं. तिला राग आला होता आणि त्या रागाचीच तिला शरम वाटत होती.

"जिंकलीस का?" अण्णांनी विचारलं.

पडद्यावर सामना केव्हाच संपला होता. तिने हेडफोन कानाला लावला.

"मध्येच पुतळा झालीस!" कप्तान वैतागला होता. "नेट गेलं का? वायर लावलीस ना?"

"लावली," ती म्हणाली. "तरी गेलं रे. नेटच गेलं."

मागे अण्णांनी चांगल्या हाताने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.