कण्याचं कुंकू

मार्गशीर्षातली सकाळ. कोवळी, केशरवर्णी, दंवानं जडावलेली. नांदवण्याच्या खाडीतून ओहोटी हलके हलके निघून चालली होती, आणि मागे उरलेल्या काळ्या, ओल्या, लखलखत्या चिखलावर उन्हाचं सोनं सांडत होतं. बगळे शुभ्र होते, खारफुटी हिरवीगार होती, आणि पाणी गेलं म्हणून साऱ्या होड्या कुशीवर कलंडल्या होत्या. त्यांचं हे रोजचंच लोळणं. त्यात नवल काही नाही.

माडांच्या सावलीत तीन लाकडं मात्र सरळ, शांत, तेल पिऊन निजली होती. एक लांब, दोन आखूड. त्यांच्यातून आज एका होडीचं नशीब ठरायचं होतं. होडीचं कसलं, द्वारकेचं!

रवळू कुबल हा तिचा नवरा. उभी हयात त्यानं दुसऱ्यांच्या बोटींवर काढली, आणि आता केस शेवरीच्या कापसासारखे झाल्यावर स्वतःची शिडाची होडी बांधायला घेतली. मासे मारायला नव्हे. निव्वळ वाऱ्यासाठी, निव्वळ निळाईसाठी. गाव म्हणालं, याला म्हातारचळ लागला. लागला तर लागला! ज्यानं जन्मभर समुद्र पोटासाठी पाहिला, त्यानं एकदा डोळ्यांसाठी पाहिला तर गावाचं काय जातं?

आणि त्या निळाईत त्याला द्वारका जवळ हवी होती.

द्वारकेच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात आखडला, पाय ओढू लागला, पायरी चढतानाही काठीबरोबर भिंत लागू लागली. एके काळी याच पायांनी ती डोकीवर मासळीची पाटी घेऊन गावोगाव हिंडली होती. रवळू डोलकाठीवरून पडून अंथरुणाला खिळला होता तेव्हाची ती गोष्ट. तिनं त्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, आणि तो बरा होऊन पुन्हा बोटीवर गेला तेव्हा जणू काही घडलंच नव्हतं अशी चुलीपुढे बसली. त्याच्या काळजात ते सारं रुतून होतं, पण तोंडातून कृतज्ञतेचं एक अक्षर निघेल तर शपथ. नवऱ्याची जात! वादळाशी बोलेल, बायकोशी बोलायला मात्र त्याची जीभ अडते.

आता अडलं होतं ते कण्यापाशी. कणा म्हणजे होडीच्या पोटाखाली पाण्यात उतरणारं लाकूड. वारा शिडाला रेटतो, आणि कणा होडीला आडवं वाहू देत नाही. एकच खोल कणा घातला तर होडी वाऱ्याच्या तोंडावर चढते, लाट कापते, पाखरागत धावते. पण ओहोटीला चिखलावर बसली की ती कलंडलीच. कलंडत्या होडीत द्वारकेनं बसायचं कसं? पोत्यासारखं उचलूनच तिला बाहेर काढावं लागणार. दोन्ही बाजूंना दोन उथळ कणे घातले तर चिखलातही होडी सरळ उभी राहते. फक्त तिचा वेग मरतो, वाऱ्यावर चढण्याची ऐट मरते. एक कणा म्हणजे रवळूचं स्वप्न. दोन कणे म्हणजे द्वारकेची जागा.

दोन कण्यांची होडी गावानं एकदाच पाहिली होती. गेल्या थंडीत गोव्याकडून आलेली एक पाहुणी होडी खाडीत नांगरली, ओहोटी लागली, आणि ही आपली चिखलात ताठ उभी, दावणीच्या गाईसारखी निवांत. दुखण्यानंतर पहिल्यांदा द्वारका तेव्हा खळखळून हसली होती. रवळूनं ते हसू पाहिलं आणि होडी बांधणाऱ्या बाबल मेस्ताला सांगून टाकलं की दोनच घालायचे. सांगताना त्याचा आवाज जरा खाली गेला. द्वारकेच्या कानांतून तो सुटला नाही.

नांदवण्याची एक जुनी रीत होती. कणा बसवायच्या आधी घरच्या बाईनं लाकडाची ओटी भरायची, त्याला हळदकुंकू लावायचं. कुंकू लागलेलं लाकूड मग समुद्राचं झालं. ते मागं घ्यायचं नाही, बदलायचं नाही, सरपणाला तर मुळीच लावायचं नाही. कुंकू लावण्याचा मान बाईचा. पुरुषानं त्यात हात घालायचा नाही.

द्वारका आली. हिरवं लुगडं, अबोलीची वेणी, डाव्या हाताच्या तबकात तांदूळ, नारळ, हळदकुंकू. काठी शेजारणीकडे दिली आणि पाय ओढत ती एकटी पुढे निघाली. बाबलनं आखूड जोडी पुढे मांडून ठेवली होती. लांब लाकूड नको म्हणून पलीकडे सारलं होतं. द्वारका त्या जोडीपाशी क्षणभर थांबली. तिच्या डोळ्यांत खाडी भरून आली.

मग ती जोडीला वळसा घालून गेली.

तबक तिनं वाळूवर टेकलं. डाव्या हातानं उजवा आखडलेला हात उचलला, त्याचं बोट कुंकवात बुडवलं, आणि लांब, एकट्या लाकडाच्या माथ्यावर टेकवलं. तांबडं, थरथरतं, वाकडंतिकडं एक बोट उमटलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाबलनं कपाळाला हात लावला.

रवळू पुढे आला. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, "तुमची होडी वाऱ्यावर धावांदे. माका वाट बघूची सवय आसा."

एवढं बोलून तिनं पदरानं बोट पुसलं. जन्मभराचं किनाऱ्यावरचं उभं राहणं तिनं पुन्हा आपण होऊन मागून घेतलं होतं, आणि तेही सणाच्या लुगड्यात, हसतमुखानं. किती देते ही बाई! पाटी रिकामी झाली तरी पाटीच देऊन टाकेल.

लाकडावरचं ते वाकडं बोट पुसायची सोय नव्हती, आणि पुसण्याची छातीही कुणाला नव्हती. रवळू खाली वाकला. वाळूवरचं तबक त्यानं उचललं, आणि रीत, मान, गाव, सारं गुंडाळून ठेवून आपल्या राठ, दोरखंडांनी सोललेल्या बोटांनी दोन्ही आखूड लाकडांना कुंकू लावलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कुणीतरी म्हणालं, आता याला बांगड्या भरा. रवळू कुणाकडे वळला नाही.

"ती सवय आता मोडूक व्हयी," तो द्वारकेला म्हणाला. "तू हतीस म्हणान मी उभो रवलंय. माझ्या होडीत तू व्हयी."

द्वारका रडली. उघड्यावर, उन्हात, सगळ्यांदेखत रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

बाबल मेस्त मात्र तीन तांबड्या लाकडांभोवती पुटपुटत फिरत राहिला. एक किंवा दोन, हे जगाला ठाऊक. तीन कुणी ऐकलेत? शेवटी त्यानं पेन्सिल कानामागून काढली. "कुंकू लागला. आता तिनय लाकडां लागतली," तो म्हणाला. लांब लाकूड मधोमध, पण उथळ बसवायचं. आखूड दोन त्याच्या अंगाला, उभं राहायला. धाव थोडी कमी होईल, चढ थोडी कमी होईल, असं त्यानं रवळूला दोनदा बजावलं. रवळूनं दोन्हीदा आनंदानं मान हलवली.

चैत्रात होडी पाण्यात उतरली. निळं निळं पाणी, पांढरं पांढरं शीड, आणि दुपारचा मंद, मायाळू वारा. खाडीच्या तोंडाशी पोरसवदा तांडेलांच्या होड्या त्यांना मागे टाकून सरसरत पुढे गेल्या, हात हलवून चिडवून गेल्या. एकेकाळी रवळूनं हे सहन केलं नसतं. आज तो सुकाणूवर स्वस्थ बसून होता.

डोलकाठीला पाठ टेकून, त्याच्याकडे तोंड करून द्वारका बसली होती. त्याला समुद्रावर जाताना तिनं जन्मभर पाहिलं, पण पाहिली ती त्याची पाठ. लहान होत जाणारी, पाण्यात विरत जाणारी, काळजीच्या रंगाची पाठ. समुद्रावर असताना आपल्या नवऱ्याचा चेहरा कसा दिसतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आज ती तो चेहरा पाहत होती. उन्हात पाहत होती, वाऱ्यात पाहत होती, पाहत होती आणि पाहतच होती. आणि किनारा तिच्या पाठीमागे नव्हताच, तो दूर रवळूच्या मागे, हळूहळू, लहान होत चालला होता.