जन्मभराचा उपास

माझी दक्षा नऊ वर्षांची, वजन सोळा किलो. वजन करायला येणारी बाई आधी काट्याकडे बघायची, मग माझ्याकडे. "सुषमा, पोरीला खायला घालतेस ना?" हे चारचौघांत विचारायचं, म्हणजे मला लाज वाटली पाहिजे.

घालत होते ना! तेच तर. अच्छाडच्या ढाब्यावर मी रोट्या लाटते, येताना चार रोट्या घेऊन यायचे. नागलीची, म्हणजे नाचणीची, काळी भाकर आम्ही खाल्ली, पोरीने गहू खावा, चहात बिस्कीट बुडवावं, ही माझी हौस. पोरगी खायची, पोट फुगायचं, जुलाब व्हायचे. मी परत रोटीच भरवायचे.

वापीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, नळी घालून आतड्याचा इवला तुकडा काढला आणि त्याचा फोटो मला दाखवला. "आतून असे बारीक कोंब असतात, अन्न तेच ओढून घेतात. आता हिचे बघा."

मी बघितलं. राबातली भाताची रोपं म्हशींनी तुडवावीत, तसं सपाट.

"हे कोणी केलं?"

"गव्हाने. सीलिएक म्हणतात. याला औषध नाही. गहू, मैदा, रवा कायमचा बंद करा, कोंब परत उगवतील."

"आपोआप?"

"आपोआप."

मला खरं वाटेना. फुटलेलं कौलसुद्धा आपोआप बसत नाही.

गहू घरातून गेला. बिस्किटं गेली. ढाब्यावरून आले की मी आधी अंघोळ करायचे, मग पोरीला जवळ घ्यायचे. माझ्या सासूला, म्हणजे बायजीला, बोलायला आयतं मिळालं. "एवढी वर्षं नागलीला नाक मुरडलंस. आलीस ना चुलीपाशी?"

दोन महिने झाले तरी जुलाब थांबेनात. डॉक्टरांनी विचारलं, "नागली दळता कुठे?"

घरचं जातं कधीच पायरीला लागलंय. दळण तळासरीच्या बाजारात, भिकाभाईच्या गिरणीत. त्याच दगडात गहू, त्याच दगडात नागली.

"चिमूटभरही पुरतं," डॉक्टर म्हणाले.

पिठात जन्म गेलेली बाई मी. नखात अडकतं तेवढं पीठ माझ्या पोरीला आडवं करतं! बसमध्ये आमच्या झरीपर्यंत मी माझ्या नखांकडेच बघत होते.

भिकाभाईला म्हटलं, "दगड झाडून दे रे."

"चार किलो नागलीसाठी गिरणी खोलू? मागे लाइन बघ. एवढ्याने कोण मरत नाही."

मी पिशवी उचलून आले. आठवडाभर नुसता भात शिजवला.

श्रावणातल्या सोमवारी परत गेले, तर गिरणी बंद, झाकण काढलेलं आणि भिकाभाई कुंचा घेऊन दगड झाडतोय. कानाकोपऱ्यातून फुंकर मारून पीठ काढतोय.

"हे काय चाललंय?"

"उपासाचं दळण. वरई आहे. गव्हाचा कण गेला तर उपास मोडतो ना!"

माझं डोकं फिरलं. "देवाला कण चालत नाही तर कुंचा निघाला! माझ्या पोरीला पण चालत नाही. तिचं काय? तुझा देव कणाने आजारी पडतो का? ती पडते!"

लाइनीत सगळ्यांत पुढे बुधी म्हातारी वरईचा डबा घेऊन उभी होती. तिने विचारलं, "किती दिवसांचा उपास गो पोरीचा?"

"जन्मभराचा."

"जन्मभराचा?" तिच्या आवाजात कीव नव्हती. देवापुढे बोलतात तसा आवाज झाला तिचा. तिने डबा बाजूला घेतला. "भिका, आधी हिचं दळ. माझा उपास काय, संध्याकाळी सुटेल."

भिकाभाईने आणखी एकदा कुंचा फिरवला. दगडात अडकलेला गहू निघावा म्हणून मूठ-मूठ करत स्वतःचा किलोभर तांदूळ दळला, ते पीठ कोंबड्यांना टाकलं, आणि मग माझी नागली ओतली. "दर सोमवारी ये. पहिला नंबर तुझा," असं म्हणाला, माझ्याकडे न बघता. माफी त्याने मागितली नाही. आवाज चढवला म्हणून मीही मागितली नाही.

दिवाळी झाली, त्यानंतरची गोष्ट. दक्षाने सुकटीबरोबर भाकर संपवली आणि ताटावरून उठलीच नाही.

"आये, अजून."

बायजीचा हात तव्यावर थांबला. "काय म्हणाली?"

नऊ वर्षांत पोरीने हा शब्द काढला नव्हता. आम्ही भरवायचो, ती तोंड फिरवायची. मी तिच्या पोटाकडे बघत राहिले. या एवढ्याशा चामडीच्या आत, कुणाचा हात न लागता, एकेक रोप उभं राहत होतं. मी तर फक्त तुडवणं थांबवलं होतं.

"देतेस का बघत बसतेस?" बायजी ओरडली. तिचेही डोळे भरले होते.

मी घाईघाईने भाकर थापली. वाकडीच झाली. दक्षाने फुंकून फुंकून सगळी खाल्ली, आणि ताट परत पुढे सरकवलं.